कांबळे मॅडमची उभी मीटिंग

लेथ मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो. रोज संध्याकाळी झाडून पोतं भरा, दुसऱ्या दिवशी ढीग तेवढाच! आमच्या किश्शांचंही तसंच आहे. परवा बसूच्या लग्नात आम्ही शॉपमधली चार-पाच जणं एका पंगतीत बसलो. कुणीतरी म्हणालं, "मॅडमचं ते आठवतंय काय रं?" झालं! वाढपी तीनदा भात घेऊन आला आणि तसाच परत गेला. शेवटी नवरदेव स्वतः येऊन ओरडला, "जेवा की वो आधी! माझं लगीन हाय हे, शॉपची मीटिंग न्हवं!"

शॉप म्हणजे दुकान नव्हे हां. बेळगावातलं आमचं मशीन शॉप. पंपाच्या लोखंडी बॉड्या आमच्याकडं ओतून येतात. आम्ही त्यांना आतून-बाहेरून तासतो, धुतो, पेटीत भरतो आणि पुण्याच्या पंप कंपनीला पाठवतो. मी संजू, राहणार कंग्राळी. तपासणी खात्यात आहे. जॉब, म्हणजे तासलेली बॉडी, मापात आहे की नाही ते सांगायचं, एवढंच माझं काम.

आणि मॅडम म्हणजे कांबळे मॅडम, आमच्या प्लांट मॅनेजर. मूळच्या निपाणीच्या. आईनं जन्मभर विड्या वळल्या आणि लेकीला इंजिनिअर केलं. हे मॅडम स्वतःच सांगतात, आणि मान ताठ ठेवून सांगतात!

* * *

मॅडम आल्या त्या दिवशी आम्ही सगळे भाषण ऐकायच्या तयारीत उभे होतो. आमचे सगळ्यात जुने लेथ ऑपरेटर, बेळगुंदीचे आप्पा, माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बाई आलीया. आता मशिनींचं हळदी-कुंकू!"

भाषण झालंच नाही. मॅडम प्रत्येक मशीनपाशी थांबल्या, प्रत्येकाला नाव विचारलं, गाव विचारलं. मालक मागं मागं. फिरत फिरत पॅकिंगला पोचल्या. तिथं मल्लव्वा आणि तिच्यासोबतच्या तिघी बायका पेट्या भरत होत्या. मॅडमनी विचारलं, "तुमचं टॉयलेट कुठं आहे?"

मल्लव्वानं मालकांकडं बघितलं. मालकांनी छताकडं बघितलं!

मग हळूहळू बाहेर आलं. शेजारच्या कारखान्यात जायचं, ते पण तिथल्या वॉचमनला विचारून. "त्यापाय दिसभर पाणीच पीत न्हाय आमी," मल्लव्वा म्हणाली. मी सहा वर्षं त्या बायकांच्या शेजारी काम करत होतो. मला हे ठाऊक नव्हतं. लाज वाटली.

मॅनेजरच्या केबिनला आतून टॉयलेट होतं. मॅडमनी जुडग्यातली किल्ली काढली आणि मल्लव्वाच्या हातावर ठेवली. "नवीन होईपर्यंत हे तुमचं."

आठव्या दिवशी मालक केबिनमध्ये बसले होते. दोन कप कॉफी झालेली. उठले, दाराशी गेले, तर आतून कडी! बाहेर दोघीजणी उभ्या. मालक कधी या पायावर, कधी त्या पायावर. मल्लव्वानं पदर सारखा केला आणि अगदी अदबीनं म्हणाली, "मालक, लाईन हिकडनं हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गवंडी हजर!

* * *

मॅडमची मीटिंग रोज सकाळी दहा मिनिटं, आणि ती उभ्यानं. खुर्ची नाही, फॅन नाही, मशिनींच्या मधोमध गोल करून. खुर्ची मिळाली की माणूस टेकतो, आणि टेकला की भाषण सुरू करतो, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. पुण्याहून तक्रार आली की बॉड्या तिथं पोचेपर्यंत आतून गंजतायत. गोल झाला. एक इंजिनिअर म्हणाला, गंज न लागायचं तेल बदलू. दुसरा म्हणाला, तेल बरोबर आहे, प्लास्टिकची पिशवी बदलू. तिसरा म्हणाला, बेळगावची हवाच दमट! आता हवा कशी बदलायची?

मॅडम सगळ्यांचं ऐकत होत्या. मग वळल्या. "मल्लव्वा, तुम्ही सांगा."

मल्लव्वा दचकलीच. "मी काय सांगू, आक्का? मी शिकल्याली न्हाय."

"शिकलेले तिघं बोलून झाले. त्या बॉडीला रोज हात तुम्ही लावताय. आमच्यापैकी कुणी लावत नाही."

मल्लव्वानं एकदा सगळ्या गोलाकडं बघितलं आणि म्हणाली, "घरात आमी तांब्या धुतला की पालथा घालताव. हितं धुऊन सुलटं ठिवत्यात. आत पाणी ऱ्हातंय की!"

तिन्ही इंजिनिअर आपापल्या बुटांकडं बघायला लागले. आप्पांना ठसका लागला.

त्या दिवसापासून बॉड्या पालथ्या वाळायला लागल्या आणि गंज संपला. त्याच दिवसापासून मीटिंगचा नियमही झाला: सगळ्यात धाकट्यानं आधी बोलायचं, मॅडमनी सगळ्यात शेवटी. भिंतीवरच्या कामाच्या तक्त्यात मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'धुतल्यावर: तांब्या पोझिशन'.

पुढं पुण्याचे साहेब बघायला आले. तक्ता वाचून त्यांनी विचारलं, "ही तांब्या पोझिशन कुठल्या स्टँडर्डमधली?"

मॅडम म्हणाल्या, "मल्लव्वा स्टँडर्ड!"

* * *

एक छोटासा किस्सा. मीटिंगला जो उशिरा येईल त्यानं सगळ्यांना चहा वाटायचा, हा नियम. एकदा चक्क मॅडमनाच उशीर झाला. गाडी पंक्चर. हाताला ग्रीस लागलेलं, केस विस्कटलेले, अशा आल्या. नियमाची आठवण करून द्यायची कुणाची छाती होईना. मॅडमनी हात धुतले, किटली उचलली आणि कडेनं वाटायला सुरुवात केली.

आप्पांपाशी आल्या. आप्पांनी कप बघितला, मॅडमकडं बघितलं.

"मॅडम, अर्धाच कप? मी टायमावर आलतो!"

* * *

आता माझा स्वतःचा. हा मी हसत सांगतो खरा, पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

मॅडमच्या आधी जे साहेब होते, त्यांचा एकच प्रश्न असायचा: "कुणी केलं?" त्यामुळं आमच्याकडं चूक कधी कुणी करतच नसे! खराब जॉब दिसला की तो पोत्याखाली. पोतं दिसलं की ते मशीनच्या मागं. मॅडमचा प्रश्न वेगळा होता: "काय झालं?" त्यांनी एक फळा लावला होता, 'आमच्या चुका'. त्यावर पहिली चूक त्यांची स्वतःची, चुकीच्या मापाची ड्रिल मागवल्याची. तरी दोन महिने फळ्यावर दुसरं नाव पडलं नाही. माणसाची सवय अशी लगेच जात नाही.

सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर माझी नोकरी पक्की व्हायची होती त्याच महिन्यात. सकाळी दहाला एकशेवीस बॉड्यांचा टेम्पो पुण्याला निघाला. सगळ्या मी तपासलेल्या, सगळ्यांवर माझी सही. अकराच्या सुमारास मी माझं गेज सहज उचललं आणि काटा बघितला. भोकाचं माप घेणारं हे गेज रोज सकाळी आधी शून्यावर आणावं लागतं. ते शून्यावर नव्हतं! आदल्या दिवशी ते हातातून पडलं होतं आणि त्या सकाळी घाईत मी ते लावूनच घेतलं नव्हतं. केसाएवढा फरक. पण पंपाच्या बॉडीत केस म्हणजे दोरखंड!

खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मी गप्प बसलो. कुणाला कळणार नव्हतं. निदान पुण्याला पोचेपर्यंत तरी नाही. मग फळ्याकडं लक्ष गेलं. मॅडमचं एकटं नाव तिथं लटकत होतं.

केबिनमध्ये गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी पहिला फोन टेम्पोवाल्याला लावला. तो निपाणीच्या अलीकडं होता. "निपाणीत थांबा, माझ्या आईच्या घरी. पत्ता पाठवते." मग मला म्हणाल्या, "गेज लाव नीट. बसूची पाळी दुपारची आहे, त्याला आत्ताच बोलावून घे. निघायचं."

गाडीत त्यांनी पुण्याला फोन लावला. मी मागच्या सीटवर अंग चोरून बसलेलो. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडून चूक झाली आहे. माल उशिरा येईल, पण बरोबर येईल."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी हाय. तुमची कुठं?"

"शॉपच्या आत ती तुझी. गेटच्या बाहेर ती माझी."

निपाणीला अंगणात बॉड्या उतरवल्या. मॅडमच्या आई दारात बसल्या होत्या. बसू एकेक उचलून देणार, मी मापणार. पहिली घेतली, तर गेजचा काटा नुसता नाचतोय. माझा हातच थरथरत होता.

आई मॅडमना म्हणाल्या, "थांब गं. त्येच्या हाताला आधी च्या दे, मग माप!" मग माझ्याकडं वळल्या. "आमच्यात जरा वाकडी दिसली की विडी छाटीत टाकायचे, म्हंजी बाद. छाट काढणाऱ्याचा हात थरथरला, की चांगली बी छाटीत जाती आन् वाईट बी खपून जाती. बस खाली."

चहा प्यालो. एकशेवीसच्या एकशेवीस मापल्या. नऊ खराब निघाल्या. बाकीच्या घेऊन टेम्पो पुढं गेला. आईंनी आम्हाला भाकरी-आमटी खाऊ घातली आणि निघताना बसूला विचारलं, "ह्यो काय बोलंना झालाय? जीभ बी छाटीत गेली काय?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं फळ्यावर माझं नाव लिहिलं. उभ्या मीटिंगमध्ये मान वर होईना. वाटलं, पक्की होणारी नोकरी गेली. मॅडम शेवटी बोलल्या आणि एवढंच बोलल्या:

"संजूनं सांगितलं म्हणून टेम्पो निपाणीत थांबला. गप्प बसला असता, तर थेट पुण्यात थांबला असता!"

आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चूक केल्याबद्दल टाळ्या मिळालेला बेळगावातला पहिला माणूस मीच असेन! महिनाअखेर पक्कं झाल्याचं पत्र आलं. आणि फळा? आठवड्यात एवढा भरला, की दुसरा आणावा लागला.

* * *

आप्पा आणि बसू एकाच मशीनवर. आप्पा सकाळच्या पाळीला, बसू दुपारच्या. बसू गोकाककडचा. आप्पांना कन्नड येत होतं, पण बोलायचं नाही हा हट्ट. बसूला मराठी कळत होतं, पण कळत नाही असं दाखवायचा. पाळी बदलताना दोघं एकमेकांकडं न बघता टोपी चढवायचे आणि उतरवायचे. आप्पांच्या पाळीत टूल, म्हणजे तासणारं पातं, झिजलं, बसूला कळायचं नाही, आणि त्याचे पहिले दोन जॉब बाद!

मॅडमनी कुणाला बोलावून उपदेश केला नाही. नियम काढला: पाळी बदलताना दहा मिनिटं मशीनपाशी उभं राहून बोलायचं. आप्पांनी कन्नडमध्ये, बसूनं मराठीत!

पहिल्या दिवशी आख्खं शॉप बघायला गोळा झालं. आप्पांनी घसा साफ केला. टूल झिजलंय, एवढंच सांगायचं होतं. पण झिजण्याचा शब्द आठवेना. शेवटी जे आलं ते बोलले, "टूल... सत्तु होगैती!" म्हणजे टूल मरून गेलं!

बसूनं गंभीर चेहऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. मराठीत विचारलं, "कवा मेलं? सांगायचं न्हाय व्हय? मातीला आलो असतो की!"

आप्पा हसले. त्यांना बसूकडं बघून हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

दोनेक महिन्यांनी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मशीन कुणी पुसायची यावरून. आप्पा तोंड भरून शिव्या घालत होते त्या अस्सल कन्नड, आणि बसू परत करत होता त्या अस्सल बेळगावी मराठी! दोघांच्याही लक्षात नाही. आम्ही सगळे मशिनी बंद करून ऐकतोय.

मॅडम तिथून चालल्या होत्या. क्षणभर थांबल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या,

"आप्पा, व्याकरण अगदी बरोबर!"

* * *

आता शेवटचा. लग्नाच्या पंगतीत भात तीनदा परत गेला तो याच्यामुळं.

परदेशातली एक मोठी ऑर्डर मिळणार होती. त्याआधी त्यांचे तपासणी अधिकारी चेन्नईहून येऊन आमचं शॉप बघणार. पास झालो तर ऑर्डर आपली आणि बसूसकट कंत्राटावरची बारा माणसं कायम. नापास झालो तर काम दुसरीकडं. दोन आठवडे वेळ होता. आणि एका बुधवारी फोन आला: साहेब उद्याच येतायत!

नेमकं त्याच गुरुवारी कोल्हापुरात मॅडमच्या आईंचं ऑपरेशन. मॅडम बुधवारीच तिकडं गेलेल्या. मालकांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, कसं करायचं? तुम्ही न्हाय म्हटल्यावर सगळं संपलंच की!"

"काही संपलेलं नाही. माणसं तिथंच आहेत. मालक, तुम्ही फक्त एक काम करा."

"सांगा! काय वाटेल ते करतो!"

"मध्ये पडू नका."

आणि फोन बंद. आम्ही सगळे एकदम मशिनींवरची धूळ बघायला लागलो. हसू लपवायला तेवढंच होतं.

गुरुवारी दोन्ही पाळ्यांची माणसं सकाळीच हजर. साहेब आले. उंच, शांत, हसू नावाला नाही. कुणी हार आणला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. थेट आप्पांपाशी गेले, हिंदीत विचारलं, "टूल कब बदलते हो?" आप्पांनी वहीतली पानं उलटून दाखवली, रोजची नोंद, बसूच्या आणि त्यांच्या सहीची. साहेब बसूकडं गेले, माझ्याकडं आले. माझं गेज स्वतः हातात घेऊन शून्य बघितलं. बरोबर होतं! कुणी कुणाकडं बघत नव्हतं, कुणी मालकांना काही विचारत नव्हतं. मालक तोंडावर हात ठेवून लांबून चालले होते.

मग साहेबांनी एक डाव टाकला. बाद झालेल्या जॉबच्या लाल पेटीतून एक बॉडी उचलली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून चांगल्या मालात सरकवली. मी बघितलं. मालकांनीही बघितलं. बोलायची सोय नव्हती! ती बॉडी पट्ट्यावरून सरकत सरकत पॅकिंगकडं निघाली.

मल्लव्वानं एक उचलली, पेटीत. दुसरी उचलली, पेटीत. तिसरी उचलली आणि थांबली. आत बोट फिरवलं. परत फिरवलं. बाजूला ठेवली आणि पॅकिंग बंद करायचं लाल बटण दाबलं. सगळा पट्टा थांबला.

साहेब पुढं आले. "क्या हुआ?"

"हे चांगलं न्हाय."

"चलेगा. पॅक करो. मैं बोल रहा हूँ."

"आगल्ला," मल्लव्वा म्हणाली. जमणार नाही.

शेवटी मालकांना राहवलं नाही. "अगं मल्लव्वा, साहेब सांगालेत..."

मल्लव्वानं मालकांकडं बघितलंसुद्धा नाही. "सांगू देत की! पेटी माझी हाय."

साहेबांनी बसूला तिच्या बोलण्याचा अर्थ विचारला. बसूनं सांगितला. साहेबांनी खिशातून पेन काढलं, कागदावर सही केली, आणि मग पहिल्यांदाच हसले. मल्लव्वाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मेरा काम हो गया."

गाडी गेटबाहेर गेली आणि शॉपमध्ये काय आरडाओरडा झाला म्हणता! बारा माणसं कायम! बसूनं आप्पांना उचलूनच घेतलं. आप्पा वरून ओरडतायत, "सोड रं, माझी कंबर जाईल!" मी मॅडमना फोन लावला. पलीकडून आधी त्याच बोलल्या, "आईचं ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आलीय. तुमचं सांगा." मी स्पीकर सुरू केला, आणि सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं. मग मॅडमनी नाक ओढल्यासारखं वाटलं.

"आणि मालक कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

आम्ही वळून बघितलं. थांबलेला पट्टा पुन्हा चालू झाला होता आणि पॅकिंगला एक हात कमी पडत होता. मालक बाह्या सरसावून खाली बसले होते आणि पेट्यांना लेबलं लावत होते. मल्लव्वा कमरेवर हात ठेवून त्यांच्याशेजारी उभी होती.

"वाकडं लागलंय," ती म्हणाली. "काढा."